डाळ, पन्हं, नारळ, खण

प्राध्यापक हरिहरराव आगाशे यांचं एखाद्या गोष्टीबद्दल मत बनलं, की ते मत आणि हरिहरराव अशी दोघं मिळून नौपाड्यातल्या त्यांच्या घरात राहायला लागत. मग घरातल्या बाकीच्यांनी अंग चोरून वावरायचं. त्यांची पत्नी चित्राबाई आणि विधवा बहीण आवडाबाई या दोघींना त्याची इतकी सवय झाली होती, की एखादं जुनं मत घरातून गेलं असतं तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असतं.

त्यांतलं सगळ्यांत जुनं मत न्यूक्लिक आम्लाबद्दलचं होतं. हा पदार्थ प्रत्येक सजीवाच्या पेशीत असतो. त्यात ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन असे चार घटक असतात. हरिहररावांचं म्हणणं असं, की हे चारही घटक सगळीकडे अगदी सारख्या प्रमाणात असतात. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार. बोकड घ्या, मासा घ्या, नाहीतर क्षयाचा जंतू घ्या. थोडक्यात, अत्यंत कंटाळवाणा पदार्थ. हे त्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या दहाव्या प्रकरणात लिहून ठेवलं होतं. पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या आणि मुंबई इलाख्यातली अर्धी पोरं ते प्रकरण घोकून पास झाली होती. म्हणजे आता ते चुकीचं असण्याची काही सोयच नव्हती.

आणि नेमकी त्यांचीच विद्यार्थिनी उत्तरा दातार ते चुकीचं ठरवायला निघाली होती.

उत्तरा डोंबिवलीची. एमएस्सीच्या प्रबंधासाठी तीन वर्षं ती मुंबईच्या कॉलेजात काचेच्या बरण्यांमध्ये गाळणकागदाच्या पट्ट्या टांगून बसली होती. न्यूक्लिक आम्ल आधी फोडायचं, त्याचे चार घटक कागदावर वेगवेगळ्या ठिपक्यांत पांगवायचे आणि मग प्रत्येक ठिपका मोजायचा, असं ते काम. बोकडाच्या गळ्यातली ग्रंथी तिनं खाटकाकडून मिळवली. नर माशाच्या पोटातली पांढरी पिशवी तिला बाळकुमच्या मासळीवाल्या ठमाबाईनं दिली. ठमाबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवून या भटाच्या पोरीला नीट निरखलं होतं. "आखा मावरा टाकून नुसती पिशवी कनाला पायजे गो बाय तुला?" असं तिनं विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर पैसे घ्यायला साफ नकार दिला. डोकं फिरलेल्या माणसाकडून पैसे घेणं तिला बरं वाटेना.

एवढं करून आकडे आले ते असे. बोकडात ॲडेनीन शंभरात अठ्ठावीस, थायमीनही तेवढंच. ग्वानीन एकवीस, सायटोसीनही जवळजवळ तेवढंच. जंतूंमध्ये उलटं, तिथे ग्वानीन नि सायटोसीन तिशीच्या पुढे, आणि ॲडेनीन-थायमीन खाली. चार सारखे कुठेच नव्हते. दोन-दोन मात्र आपापसांत सारखे होते, आणि ते सगळीकडे.

हरिहररावांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "भांडी नीट धुतली नाहीस."

उत्तरानं हातांची सालं निघेपर्यंत भांडी धुतली. आकडे तेच आले. हरिहरराव म्हणाले, वजनं चुकली. तिनं वजनं पुन्हा केली. न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेतूनही असेच आकडे छापून आल्याचं तिनं दाखवलं, तेव्हा सरांनी तेही निकालात काढलं. "तिकडेही लोक हात न धुता काम करतात," ते म्हणाले. तरी पोरीनं प्रबंध टाइप करून आणलाच. वर शेवटच्या पानावर एक वाक्य घातलं होतं, की ॲडेनीन हे थायमीनच्या आणि ग्वानीन हे सायटोसीनच्या जोडीनंच बसत असावं. हरिहररावांनी त्यावर तांबड्या पेन्सिलीनं काट मारली आणि समासात लिहिलं, "ही कादंबरी नव्हे."

आता प्रबंध द्यायची शेवटची तारीख सोमवारवर आली होती आणि सरांची सही झालेली नव्हती. सही नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर पुढची शिष्यवृत्ती नाही. शिष्यवृत्ती गेली, की चांद्याच्या फॉरेस्ट ऑफिसरला होकार कळवायचा, असं उत्तराच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. उत्तरानं हे सरांना सांगितलं होतं. हरिहररावांना वाईट वाटलं नाही असं नाही. ते दुष्ट नव्हतेच, फक्त बरोबर होते, आणि सदैव बरोबर असणाऱ्या माणसाला दुसऱ्यासाठी फार काही करता येत नाही.

अशात शुक्रवार आला आणि घरी चैत्रातलं हळदीकुंकू निघालं.

हळदीकुंकवाला पुरुषांनी घरात थांबायचं नसतं. दर वर्षी हरिहरराव त्या संध्याकाळी ग्रंथालयात जात. यंदा मात्र दुपारीच आवडाबाई भिंतीला धरून आल्या आणि गुडघा दुखतोय म्हणून खाली बसल्या.

"आता कोठीत कोण बसणार?" चित्राबाई म्हणाल्या. "दर वर्षी वन्सं बसतात."

बैठकीच्या मागे कोठीची छोटी खोली होती आणि मध्ये पडदा. चैत्रगौरीपुढे ज्या बायका यायच्या, त्यांना द्यायच्या वस्तू त्या कोठीत मांडलेल्या असत, आणि मागितलं तसं आतून काढून द्यायला एक माणूस लागे. सवाष्णींच्या घोळक्यात विधवेनं मिरवायचं नाही, म्हणून ते काम आपोआप आवडाबाईंकडे आलं होतं. कधीपासून, ते हरिहररावांना आठवत नव्हतं. त्यांनी तो विचारच कधी केला नव्हता.

"मला काय येतं त्यातलं?" ते म्हणाले.

"अहो, एवढे शास्त्रज्ञ तुम्ही. चार वस्तू मोजून द्यायच्या. तेवढंही जमणार नाही?"

हे जिव्हारी लागलं. हरिहररावांनी धोतर सावरलं आणि कारभार हातात घेतला. वस्तू चारच होत्या. आंब्याची डाळ, पन्हं, नारळ आणि खण. किती किती आणायचं हे चित्राबाई सांगायला लागल्या, तर त्यांनी हात वर केला. चारही सारख्याच हव्यात, हे उघड होतं. प्रत्येक वस्तू पन्नास. डाळीचे पन्नास द्रोण, शेजारपाजारहून गोळा केलेले पन्ह्याचे पन्नास पेले, पन्नास नारळ, पन्नास खण. चार फळ्यांवर चार रांगा लावून ते स्वतःवरच खूश झाले.

"असंच ठेवा," चित्राबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा फारच गरीब झाला होता. हरिहररावांना तिथेच संशय यायला हवा होता. शिवाय मदतीला म्हणून डोंबिवलीहून उत्तरा का आली, हेही विचारायला हवं होतं. पण ते रांगा सरळ करण्यात गुंतले होते.

संध्याकाळी बायका आल्या. पडद्यापलीकडे बांगड्यांचा, हसण्याचा आणि एकमेकींच्या साड्या जोखण्याचा गलका सुरू झाला. पडद्यातून हात यायचे. कधी चित्राबाईंचा, कधी उत्तराचा. "डाळीचं ताट भरून द्या." "नारळांची टोपली सरकवा." थोड्या वेळानं पेले. मग खणांचा गठ्ठा. काय कुणाला जातंय हे दिसायची सोय नव्हती, आणि मागण्याही कशाही येत. हरिहरराव पाटावर बसून एकेक वस्तू देत राहिले.

पहिला अर्धा तास गमतीत गेला. मग त्यांना राग यायला लागला. घर त्यांचं, खर्च त्यांचा, आणि ते खोक्यात ठेवलेल्या मांजरासारखे पडद्याआड. बाहेर कुणीतरी नाव घेतलं, सगळ्या हसल्या, आणि ते नाव काय होतं हे त्यांना ऐकूच आलं नाही. पन्हं कसं झालंय असं कुणी त्यांना विचारलं नाही. तहान लागली तर भरलेल्या पेल्यांकडे बघत बसायचं. एवढी माणसं असून आत एकटं बसायला कसलं तरी ओशाळं वाटतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

करमणूक म्हणून ते मोजायला लागले. शास्त्रज्ञाला दुसरं काय सुचणार? गलका जरा ओसरला तेव्हा त्यांनी चारही फळ्या पाहिल्या. डाळीचे द्रोण उरले होते अकरा, पेलेही अकरा. नारळ मात्र पंचवीसच्या वर शिल्लक, आणि खण? तेही तेवढेच. पुन्हा लाट आली, पुन्हा ओसरली. डाळ आणि पन्हं दोन्ही एकदमच संपलं. नारळ उरले अठरा. खण उरले अठरा.

"सर, डाळ!" उत्तराचा हात आत आला.

"संपली."

"आणि पन्हं?"

"तेही संपलं. नारळ हवेत? नारळ पुष्कळ आहेत."

"नारळ घेऊन काय करू, सर? अजून मुली यायच्यात."

हरिहररावांना घाम फुटला. पन्नास घरांसमोर आगाश्यांची शोभा होणार! पण स्वयंपाकघरातून पातेलं खेचल्याचा आवाज आला आणि चित्राबाई शांतपणे म्हणाल्या, "मी जास्तीची करून ठेवलीय. सारखं सारखं करून चालत नाही हो, माहीत आहे मला."

अखेर बायका गेल्या. बाहेरच्या दाराला कडी लागली. उत्तरानं सरांना ओसरीवर बोलावलं, त्यांच्या हातात पन्ह्याचा पेला दिला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "सर, किती जणी आल्या असतील हो?"

"हे काय विचारणं झालं? बत्तीस सवाष्णी. मुली पंचवीसच्या आसपास, मागून किती डाळ गेली त्यावर."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं?" हरिहरराव खुलले. तीन तास कुणी बोललं नव्हतं त्यांच्याशी. "नारळ बत्तीस गेले, खण बत्तीस गेले. म्हणजे ओट्या बत्तीस भरल्या. कुमारिकांची ओटी भरत नाहीत, त्यांना नुसती डाळ आणि पन्हं. म्हणून ती दोन जास्त गेली. मी पन्नास-पन्नास आणायला नको होतं, ते सोड."

"पण नारळ एकीला आणि खण दुसरीलाच, असंही झालं असेल."

"अगं, मग आकडे इतके तंतोतंत जुळले असते का?"

"योगायोग असेल."

"एका घरात योगायोग म्हणशील, पण सगळ्या घरांत? विचार की चित्राला."

चित्राबाई दारात उभ्या होत्याच. त्या म्हणाल्या, "शेजारी दामल्यांकडे मुलीच मुली. तिथे डाळ-पन्हं दुप्पट जातं. ओकांकडे सगळ्या लग्न झालेल्या, तिथे नारळ-खणही डाळ-पन्ह्याइतकेच जातात. पण डाळीपेक्षा पन्हं जास्त गेलं, असं काही कुठे होत नाही बाई."

"ऐकलंस?" हरिहरराव म्हणाले. "घर बदललं की प्रमाण बदलतं, पण जोडी बदलत नाही. नारळाबरोबर खणच जाणार आणि डाळीबरोबर पन्हंच. ती एकत्र बसतात, म्हणून सारखी भरतात. आत डोकावायची गरजच नाही. नुसतं काय किती गेलं ते पाहिलं, की बैठक कशी बसली होती ते कळतं. एवढं ज्याला कळत नाही तो माणूस..."

इथे ते थांबले.

उत्तरानं पदर तोंडात कोंबला होता. चित्राबाईंना एकाएकी तुळशीला पाणी घालायची आठवण झाली.

"पेले नीट धुतले होते ना, सर?" उत्तरा म्हणाली.

हरिहररावांचे कान लाल झाले. "हे हळदीकुंकू आहे," ते म्हणाले. "रसायनशास्त्र नव्हे!" आणि पन्हं अर्धवट टाकून ते कोठीत निघून गेले.

आपल्याला दोन बायकांनी मिळून गंडवलं, हे त्यांना कळलं होतं. गंडवलं ते गंडवलं, पण आपल्याच तोंडून वदवलं! त्यांना आता काहीतरी चूक सापडायलाच हवी होती. एखादा नारळ तरी जास्त असेल, एखादा खण फळीमागे पडला असेल. एक आकडा चुकला की जोडीबिडीचं सगळं थोतांड कोसळलं, दहावं प्रकरण वाचलं, आणि सोमवारी ताठ मानेनं "नाही" म्हणता आलं. ते नारळ मोजायला लागले.

सतरा.

त्यांनी पुन्हा मोजले. सतराच. मघाशी अठरा होते, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. हरिहररावांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. सतरा नारळ, अठरा खण! आता बघू म्हणावं. विजयी वीरासारखे ते खणांच्या फळीकडे वळले.

खणही सतराच होते.

ते पाटावर बसले. म्हणजे ते ओसरीवर बोलत होते तेवढ्यात एक नारळ आणि एक खण, जोडीनं, कोठीतून गेला होता. पण बाहेरच्या दाराला तर कडी लागली होती. बायका सगळ्या गेल्या होत्या. घरात उरल्या तिघी. चित्रा स्वतःची ओटी स्वतः भरणार नाही. उत्तराचं लग्न झालेलं नाही, आणि ती तर समोरच बसली होती. मग राहिलं कोण?

याच पाटावर आवडा बसत होती. दर चैत्रात, हाच पडदा, हाच पलीकडचा गलका. सोळाव्या वर्षी ती परत आली तेव्हापासून. त्यांनी तीन तास काढले होते आणि तेवढ्यात त्यांचा जीव आंबून गेला होता. ती वर्षानुवर्षं इथे बसून दुसऱ्यांच्या ओट्यांचे नारळ काढून देत होती, आणि त्या वेळी ते ग्रंथालयात पंख्याखाली बसून सगळं जग चार सारख्या वाट्यांत वाटत होते. त्यांना लाज वाटली. फार लाज वाटली. मतं बाजूला सारून एवढी जागा मोकळी व्हायची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असेल.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. आवडाबाई चुलीजवळ उभ्या होत्या, अगदी ताठ, भिंतीबिंतीला न धरता. पांढऱ्या लुगड्याच्या पदरात काहीतरी जड होतं. शेजारी चित्राबाई, त्यांच्या हाताला हळद.

"गुडघा बरा दिसतोय," हरिहरराव म्हणाले.

दोघी दचकल्या. उत्तरा मागून धावत आली आणि दारातच थबकली. एवढं मात्र तिच्या बेतात नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"एक जोडी दार लावल्यानंतर गेली," हरिहरराव म्हणाले.

चित्राबाई पुढे झाल्या. "मी भरली वन्संची ओटी. काय बोलायचं ते मला बोला. गुडघ्याचं सोंग मी आणि या पोरीनं मिळून रचलं, पण ओटी काही यंदाच भरलेली नाही. दर वर्षी भरते."

"दर वर्षी?" ते बहिणीकडे वळले. "मग मला कसं कळलं नाही?"

आवडाबाईंनी पदर घट्ट धरला. "दादा, दर वर्षी कोठीत एक नारळ आणि एक खण कमी भरतो," त्या म्हणाल्या. "तू मोजला नाहीस. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही."

हरिहररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उत्तराकडे न पाहताच म्हणाले, "प्रबंध कुठे आहे?"

तो तिच्या पिशवीतच होता. ओट्याचा कोपरा पुसून त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सही केली, चांगली लांबलचक, तारखेसकट. मग शेवटचं पान उघडलं. तांबडी काट काही पुसली जाईना, कागद फाटायला लागला, तेव्हा त्यांनी समासात शाईनं लिहिलं, "हे वाक्य राहू द्यावं. ह. आ."

"आणि दहावं प्रकरण, सर?" उत्तरानं विचारलं. एवढं मिळूनही पोरीचं समाधान नव्हतं.

"छापखान्याला कळवतो. जास्त बोलू नकोस. भांडी तू खरंच नीट धुतली होतीस."

एवढं बोलून ते जायला निघाले. दारापाशी गेल्यावर मात्र थांबले.

"चित्रा, पुढच्या वर्षी आवडाची ओटी दार लावायच्या आधी भर. बैठकीत. सगळ्यांबरोबर."

"अहो, बायका काय म्हणतील?" चित्राबाई म्हणाल्या. आवडाबाई खाली मान घालून पदरातला नारळ उगीचच चाचपत होत्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं,

"आणि मग कोठीत कोण बसेल, दादा?"

"मी बसेन," हरिहरराव म्हणाले. "मला आता मोजता येतं."